दादाने बसवलेली लादी

कुणाच्याही घरात शिरलो की मी आधी खाली बघतो. माणसं म्हणतात, या, बसा, चहा घेणार का, आणि मी आपला कोपऱ्यातल्या लादीकडे बघत उभा. बायको म्हणते, लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा तुझी मान वर होत नाही. काय करणार, वीसेक वर्षं हेच करतोय. वॉटरप्रूफिंगचं सामान बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला आहे. माल विकायचा कमी आणि लोकांच्या तक्रारी निस्तरायच्या जास्त. कुणाची गच्ची गळते, कुणाचं बाथरूम खालच्याच्या डोक्यावर टपकतं, आणि आमच्या मीरा-भाईंदरमध्ये सगळ्यात जास्त काय, तर तळमजल्याची लादी ओली राहते.

राहणारच ना. इथला कितीतरी भाग मिठागरावर आणि खाडीच्या भरावावर उभा आहे. खाली चिखल, चिखलात खार. त्यावर डबर-माती लोटली, ती नीट कुटली की नाही देव जाणे, वर चार इंच काँक्रीट ओतलं आणि लाद्या चिकटवल्या. झालं घर! काँक्रीट म्हणजे दगड, त्यातून पाणी कसलं येतंय, असं लोकांना वाटतं. अहो, येतं. काँक्रीटच्या अंगात बारीक बारीक छिद्रं असतात, आणि दिव्याची वात जशी तेल ओढते तसं ते जमिनीतलं पाणी वर ओढतं. बांधतानाच खाली खडीचा थर आणि जाड प्लास्टिक अंथरलं की विषय संपतो. पण ते प्लास्टिक जमिनीखाली जातं, गिऱ्हाइकाला दिसत नाही, मग टाकायला कुणाचा हात धजत नाही.

ओल आली की लोक आणखी काय काय उद्योग करतात ते विचारू नका. कुणी लिनोलियम अंथरतं, कुणी भिंतीला ऑइलपेंट फासतं. मी घसा फोडून सांगतो, बाबांनो, ओल झाकली की ती जात नाही, बाजूला सरकते. आज लादीत आहे, उद्या भिंतीत चढेल, मग भिंतीला लोणा फुटेल, पांढरी पिठासारखी भुकटी पडायला लागेल. आधी ती येते कुठून ते शोधा. त्याला साधी युक्ती आहे. हातभर प्लास्टिकचा चौकोन लादीवर ठेवायचा, चारी बाजूंनी टेप मारायची आणि दोन दिवस हात लावायचा नाही. प्लास्टिकच्या वर दव आलं तर ओल हवेतली. प्लास्टिकच्या खाली थेंब जमले तर ती जमिनीतून येतेय. दहा रुपयांचं काम, आणि लाखाची भांडणं मिटतात.

हे सगळं मला तोंडपाठ आहे. आणि तरी मी ओलं घर विकत घेतलं. तेही सख्ख्या भावाकडून. हे सांगताना अजून माझे कान तापतात.

घर घेतलं ते आईसाठी. आम्ही तेव्हा भाईंदर वेस्टला तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी, बायको, मुलगी आणि आई. लिफ्ट नाही. आईचे गुडघे आधीच बोंबललेले, त्यात एकदा ती जिन्यात पडली, आणि त्यानंतर दीड वर्ष ती आपल्या पायांनी खाली उतरलीच नाही. दीड वर्ष! डॉक्टर घरी यायचा. मतदानाला तिला खुर्चीत बसवून उतरवायचं चाललं होतं, तर म्हणाली, ‘मी काय सामान आहे?’ आणि गेलीच नाही. परळच्या चाळीत जन्म काढलेली बाई, दारात उभं राहून चार बायकांशी बोलल्याशिवाय जिला अन्न गोड लागत नाही, ती खिडकीतून भाजीवाल्याचं डोकं बघत बसायची. तिचं एकच म्हणणं होतं. मेल्यावर चौघं उतरवतीलच, पण त्याआधी एकदा मला माझ्या पायांनी कोथिंबीर आणायला जायचंय.

दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा. बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकावर त्यानंतर पालक म्हणून दादाची सही असायची. मला कॉलेजात त्याने घातलं, नोकरीच्या मुलाखतीला स्वतःचे बूट दिले, आणि मुलगी बघायला गेलो तेव्हा माझ्या वतीने ‘हो’सुद्धा तोच म्हणाला. त्यामुळे दादाने सांगितलं की आपण मान हलवायची, ही माझी सवयच होती. दादाचा भाईंदर ईस्टला, इंद्रलोकच्या आतल्या गल्लीत, एक तळमजल्याचा फ्लॅट होता. तो स्वतः तिथे कधी राहिला नाही, भाड्याने द्यायचा. भाडेकरू एक वर्ष टिकत नसत. मी विचारायचो, तर म्हणायचा, ‘लोकच हल्ली बेकार आलेत.’

एका फेब्रुवारीत त्याचा फोन आला. पूनम सागर कॉम्प्लेक्सच्या पुढे एका टॉवरमध्ये त्याने चौदाव्या मजल्यावर घर बघितलं होतं, त्यासाठी हा फ्लॅट काढायचा होता. ‘बाहेर देण्यापेक्षा तू घे. तळमजला आहे, आईला न्यायला बरा,’ म्हणाला. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. खोटं कशाला बोलू, आलं. मला वाटलं, बघा, आमच्या दादाला आईच्या गुडघ्यांची किती काळजी!

बघायला गेलो तर घर नुसतं चकाकत होतं. पांढऱ्याशुभ्र मोठ्या लाद्या, भिंतींना नवा रंग. दादा म्हणाला, ‘तुम्ही येणार म्हणून लाद्या नवीन बसवून घेतल्या.’ आता माझी सवय सांगतो. नवी लादी दिसली की मी खिशातून नाणं काढून ती वाजवतो. ठण्ण वाजली तर भरीव, बद्द वाजली तर खाली पोकळ. माझा हात खिशात गेलाच होता. दादाने ते बघितलं आणि हसत म्हणाला, ‘काय रे, माझं घर तपासतोस?’

मी हात बाहेर काढला. ‘कायतरीच काय दादा,’ म्हणालो. वहिनी बाजूला पेढ्यांचा बॉक्स घेऊन उभ्या होत्या. ज्या माणसाने माझ्या प्रगतिपुस्तकावर सह्या केल्या, त्याच्या लादीवर मी गुडघे टेकून नाणं वाजवायचं? प्लास्टिक चिकटवायचं? परक्याच्या घरी मी ते डोळे झाकून केलं असतं. घरच्या घरात व्यवहार करताना असं काही केलं तर त्याचा अर्थ एकच होतो, माझा तुझ्यावर विश्वास नाही. मी पेढा खाल्ला आणि खाली बघायचंही टाळलं. वीस वर्षांत पहिल्यांदाच.

मे महिन्यात आम्ही राहायला गेलो. आईला वॉकर आणला. पहिल्याच संध्याकाळी ती वॉकर पुढे टाकत टाकत दारापर्यंत गेली, उंबऱ्याबाहेर उभी राहिली आणि समोरच्या गुजराती बाईशी हिंदीत बोलायला लागली. हिंदी कसली, सगळं मराठीच, फक्त शेवटी ‘है’. पंधरा दिवसांत ती गेटपर्यंत जायला लागली. गेटबाहेर भाजीची गाडी उभी राहते, तिथून तिने कोथिंबिरीची जुडी आणली आणि माझ्यासमोर ताटात ठेवली. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं की मी ऑफिसात उगाच सगळ्यांना वडापाव खाऊ घातले.

पावसाळ्यात लादी ओलसर लागायला लागली. मी म्हटलं, असणारच, पावसाळ्यात सगळ्यांच्याच लाद्या ओल्या. बायको म्हणाली, तांदळाच्या डब्याखाली पाणी साचतंय. मी म्हटलं, हवेतला दमटपणा आहे. ती म्हणाली, गणपती झाले, नवरात्र झालं, दिवाळी आली, आता कसला दमटपणा? मी म्हटलं, या वर्षी पाऊस लांबलाय. लोकांनी अशी कारणं सांगितली तर मी त्यांच्यावर डाफरतो. स्वतःच्या घरी मात्र मीच ती सांगत होतो, आणि बायको माझ्याकडे अशी बघायची की हा माणूस कामावर नक्की काय करतो.

लाद्यांच्या सांध्यांतून पांढरी भुकटी यायला लागली. आणि ओल्या गुळगुळीत लादीवर आईचा वॉकर सरकायला लागला. एकदा सकाळी तो तिच्या हातून सुटला. ती पडली नाही, कपाटाला धरून राहिली, पण तेव्हापासून ती दिवाणावरच बसायला लागली. दारापर्यंतही जाईना. समोरची बाई आत येऊन बसायची दोन मिनिटं. ज्या एका गोष्टीसाठी घर घेतलं, तीच बंद झाली. रात्री तिला ढास लागायची, छाती वाजायची. आणि एक गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. आमची आई आमटीत मीठ चिमूटभर कमी पडलं तर सात पिढ्यांचा उद्धार करते. पण लादीबद्दल ती चकार शब्द काढत नव्हती.

डिसेंबरात मी पालीला एका घरी गेलो होतो. उत्तनच्या पलीकडे, अगदी समुद्राकाठी, कोळ्याचं घर. गल्ली इतकी अरुंद की बाइक लावली तर माणसाला आडवं होऊन जावं लागतं. त्यांच्या नव्या खोलीत मी दोन दिवसांपूर्वी प्लास्टिक लावलं होतं, ते काढायला गेलो. खाली थेंबच थेंब. मी माझं भाषण सुरू केलं, जमिनीतून येतंय, प्लास्टिकचा थर नाही, पाऊस संपून महिने झाले तरी लादी ओली आहे म्हणजे हवेला दोष देऊ नका. घरातली म्हातारी दारात मासळी निवडत ऐकत होती. तिने मान वर केली आणि सहज विचारलं, ‘आणि तुज्या घरची लादी? कोरडी हाय का न्हाय?’

मी ‘हाय’ म्हणालो. आणि बाइकवर बसल्यावर हेल्मेटच्या आत स्वतःला शिव्या घातल्या.

त्या दिवशी घरी आल्या आल्या मी आईच्या दिवाणाखाली प्लास्टिक चिकटवलं. आई बघत होती. ‘ते कशाला रे?’ म्हणाली. मी म्हटलं, ‘बघतो जरा.’ ती म्हणाली, ‘राहू दे. पुसून घेत जाऊ आपण. एवढं काय त्यात.’ दोन दिवसांनी मी प्लास्टिक उचललं तर खालून पाण्याचा ओघळ आला. मग खिशातलं नाणं काढलं आणि सगळं घर वाजवलं. बद्द, बद्द, बद्द. अर्ध्याहून जास्त लाद्या पोकळ होत्या.

तरी बघा, मला दादाचा राग आला नव्हता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो थोडाच या धंद्यात आहे, असंच मी बायकोला सांगितलं. कुणा मिस्त्रीने दादाला शेंडी लावली, असं माझं मत. मी कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याला म्हटलं, एक चांगला लादीवाला पाठव. त्याने दुसऱ्या दिवशी पाठवला. पन्नाशीचा माणूस, गळ्यात गमछा, बोलायला शांत. दारात चपला काढून तो आत आला, लाद्यांकडे बघितलं आणि थबकला. मग त्याची नजर दिवाणावर गेली. त्याने हात जोडले.

‘नमस्ते आजी. पहचाना नहीं? उस बार आपने पोहा खिलाया था.’

आईने तोंड भिंतीकडे फिरवलं. ‘कोण हा? मी नाही ओळखत,’ म्हणाली. मराठीत, आणि अशा आवाजात की तो माणूस वरमला.

मी त्याला बाहेर नेलं आणि विचारलं. तो सांगायला तयार नव्हता, मग सांगायला लागला तर सगळंच सांगितलं. जानेवारीत त्यानेच या लाद्या बसवल्या होत्या. जुन्या लाद्यांवरच, त्या न काढता. त्याने दादाला सांगितलं होतं की साहेब, खालून पाणी आहे, जुनं सगळं उखडावं लागेल, नाहीतर एका पावसात या उठतील. दादा म्हणाला, तू बसव. ‘मैंने दो बार बोला. आजी वहीं कुर्सी पे बैठी थीं. उन्होंने भी पूछा, कितने दिन टिकेगा? मैंने बोला, बारिश तक.’

बारिश तक. मी तिथे पायरीवर बसलो. आता मला आठवलं. जानेवारीत एका रविवारी दादाने चार माणसं आणली होती, आईला खुर्चीत बसवून खाली उतरवलं होतं आणि दिवसभर फिरवून आणलं होतं. मतदानाला ‘मी काय सामान आहे’ म्हणणारी आई त्या दिवशी मुकाट खुर्चीत बसली होती. कुठे गेला होतात, विचारलं तर म्हणाली, देवळात. सोबत डब्यात पोहे करून नेले होते, ते माझ्या बायकोनेच करून दिले होते!

आत जाऊन मी आईसमोर उभा राहिलो. ‘तुला माहीत होतं?’

तिने दिवाणाची चादर सरळ केली.

‘आई, तुला माहीत होतं?’

‘ओरडू नकोस,’ ती म्हणाली. ‘त्याचं टॉवरचं अडलं होतं. तीन गिऱ्हाइकं येऊन परत गेली. पावसात येऊन बघायची ना मेली. मला घर दाखवायला नेलं आणि तिथे रडला रे माझ्यापुढे.’

‘म्हणून माझ्या गळ्यात मारलंत?’

‘दादा म्हणाला, धाकट्याची लाइनच आहे ती. तो लोकांची घरं कोरडी करतो, स्वतःचं करायला त्याला काय जड आहे? त्याच्या घरात सगळं सामान फुकट येतं.’

‘आणि मी आधी तपासलं असतं तर?’

आईने पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘दादा म्हणाला, तो नाही तपासणार. माझ्याकडून घेतोय म्हटल्यावर तो खाली बघणारसुद्धा नाही. मी पण म्हटलं, हो, नाही बघणार.’

लादी ओली निघाली याचं दुःख मला फार नाही. ती मी काढू शकतो, घालू शकतो. पण ही दोघं, माझी आई आणि माझा भाऊ, कुठेतरी बसून माझ्याबद्दल असं बोलली. तो कसा आहे ते आपल्याला ठाऊक आहे, म्हणाली. माझा स्वभावच त्यांनी हिशेबात धरला होता. मी चोर असतो, संशयी असतो, तर वाचलो असतो. भला होतो म्हणून केसाने गळा कापला. मी तेव्हा रडलो, पण बाथरूममध्ये जाऊन आणि नळ सोडून.

दादाला फोन केला. वाटलं, तो नाही म्हणेल, कानावर हात ठेवेल, निदान गडबडेल. छे! तो शांतपणे म्हणाला, ‘हे बघ, परक्याला दिलं असतं तर ती फसवणूक झाली असती. मी तसलं पाप करत नाही. तू घरचा आहेस.’ ‘आणि तळमजला मिळाला ना आईला?’ तो म्हणाला. मी म्हटलं, ‘आई दिवाणावरून उठत नाही, दादा. लादीला घाबरून.’ तो म्हणाला, ‘मग कर ना नीट. तुला येतं ते.’ मी फोन ठेवला. तेव्हापासून आम्ही बोललेलो नाही.

लादी नीट करायची म्हणजे घर रिकामं करावं लागणार होतं. आम्हाला समोरच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर दोन महिन्यांसाठी एक खोली मिळाली. तिथे आई चढू शकत नव्हती. म्हणजे तिला दादाकडेच जावं लागणार होतं, तिथे लिफ्ट आहे. बायकोने वहिनींशी बोलून ठरवलं. दादाची गाडी आली त्या सकाळी मी मुद्दाम लवकर कामावर निघून गेलो. आई जाताना दारात माझी वाट बघत थांबली होती, असं मुलगी म्हणाली.

मग मी माझा सगळा राग त्या लादीवर काढला. मिस्त्री तोच ठेवला. निदान तो खरं बोलला होता. वरच्या लाद्या हाताने उचलल्या तरी निघत होत्या. त्याखाली जुन्या लाद्या, त्यावर डांबराचा एक हात मारलेला, म्हणजे कुणीतरी पूर्वीही झाकायचा प्रयत्न केलेला. त्याखालचं काँक्रीट काळं पडलेलं, पहारीच्या चार घावांत भुगा झालं. आणि त्याखाली खाडीचा गाळ. आख्खे शिंपले निघाले. मुलीने त्यातले चार धुऊन ठेवले, मी ते फेकून दिले, ती रुसली. हातभर माती काढली, मुरूम टाकून कुटला, त्यावर जाड खडीचा थर टाकला, कारण मोठ्या खडीतून पाणी वर चढू शकत नाही. त्यावर वाळू, त्यावर जाड प्लास्टिक, सांध्याला वीतभर एकावर एक घेऊन टेप मारलेलं आणि चारी भिंतींवर वळवून चढवलेलं. भिंतींच्या बुडाला भोकं पाडून ओल अडवणारं औषध भरलं. मग काँक्रीट. ते प्लास्टिक अंथरताना मी मिस्त्रीला हात लावू दिला नाही. गुडघ्यांवर बसून प्रत्येक सांधा मी स्वतः दाबला.

लोकांना एक गोष्ट पटत नाही, काँक्रीट पक्कं होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. पक्कं व्हायला आठवडाभर वरून पाणी मारायचं, आणि मग तेच पाणी बाहेर जाईपर्यंत महिना-महिना थांबायचं. घाई करून लादी बसवली की ते पाणी आत कोंडतं आणि पुन्हा ओल. मी थांबलो. खिडक्या उघड्या, पंखे चालू. तीनदा प्लास्टिक लावून बघितलं. तिसऱ्यांदा खाली एक थेंब नाही. मग लाद्या बसवल्या, खरखरीत, पाय न घसरणाऱ्या. मार्चच्या शेवटी आम्ही घरी परतलो. अनवाणी चाललो की तळव्यांना नुसता कोरडा गारवा. अख्ख्या गल्लीत अशी जमीन कुणाची नाही, हे मी पैजेवर सांगतो.

आईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. दादाकडे तिला खोली आहे, टीव्ही आहे, खिडकीतून पार खाडी दिसते. पण चौदा मजले उतरून एकटी ती जाणार कुठे? वहिनी नोकरीला. ती लिफ्टला घाबरते, बटणं कळत नाहीत. ती विचारायची, ‘वाळली का रे लादी?’

मी म्हणायचो, ‘नाही अजून.’

पहिल्यांदा म्हणालो तेव्हा खरंच वाळली नव्हती. नंतर वाळली, लाद्या बसल्या, आम्ही राहायला आलो, तरी मी तेच म्हणत राहिलो. थोडी ओल आहे, आई. वेळ लागतो त्याला. धंद्यातली भाषा वापरून सांगायचो, तिला खरं वाटावं म्हणून. बायको भांडी घासता घासता माझ्याकडे बघायची. मला माहीत होतं मी काय करतोय. तू माझ्यापासून लपवलंस ना, मग बस आता तुझ्या लाडक्याकडे, एवढंच होतं ते. पहिले काही दिवस मला त्यात बरंसुद्धा वाटलं. पन्नाशीचा माणूस मी, आणि आईवर रुसलो होतो!

गेल्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा नाही म्हणालो. दम लागल्यासारखा आवाज येत होता.

‘तुझ्या बायकोने मला पाडव्यालाच सांगितलं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही राहायला आलात ते. लादी खडखडीत झालीय म्हणे.’

पाडवा होऊन तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे ती रोज मला विचारत होती, मी रोज खोटं सांगत होतो, आणि ती रोज ‘बरं’ म्हणत होती.

‘मग बोलली का नाहीस?’ मी म्हटलं.

‘तुझा राग जाईपर्यंत थांबावं म्हटलं.’

‘उद्या गाडी पाठवतो, ये तू.’

‘गाडी नको. तू ये. वर ये, चौदाव्या मजल्यावर. दादाच्या घरात ये, बस, चहा घे आणि मग मला ने. खालून फोन करून बोलावलंस तर मी येणार नाही.’

तिने फोन ठेवला. दोन दिवस मी तिला शिव्या देत होतो, मनातल्या मनात. केवढी लबाड बाई! एका मुलासाठी दुसऱ्याशी खोटं वागली, आणि आता स्वतःचे पाय गहाण ठेवून मला त्याच्या दारात नेऊ बघतेय. परवा संध्याकाळी बाइक काढून मी पूनम सागरच्या पुढे गेलोसुद्धा. टॉवरच्या गेटवर वॉचमनने रजिस्टर पुढे केलं. कुणाकडे जायचंय, नाव लिहा, नातं लिहा. मी पेन हातात घेऊन उभा राहिलो. मागे दोन माणसं खोळंबली. मग मी पेन ठेवलं आणि परत आलो.

आज सकाळी गेटबाहेर भाजीवाला विचारत होता, आजी दिसत नाहीत. मी म्हटलं, येतील. घरात आलो, चपला काढल्या. लादी कोरडी आहे. आई अजून चौदाव्या मजल्यावर आहे, आणि आता तिला तिथे मी ठेवलंय.